पाणी चावतंय

"कोण हात लावलंय ह्याला?"

अक्का कुणाच्याही घरी गेल्या की पहिला प्रश्न हाच. नमस्कार नाही, 'काय बिघडलंय' नाही. बाथरूमच्या दारात उभ्या राहायच्या, कपाळावरचा चष्मा नाकावर घ्यायच्या, भिंतीला टांगलेल्या गिझरकडे एकदा बघायच्या आणि मग वळून घरातल्या माणसांकडे. गिझरपेक्षा माणसांकडे जास्त वेळ.

सगळ्या घरांतून त्यांना एकच उत्तर मिळायचं. "कोणीच नाही हो." त्यावर अक्का नुसतं "हं" म्हणायच्या. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, 'हं' म्हटल्याबरोबर समोरच्याला आपण काहीतरी लपवलंय असं वाटायला लावणारी. मी तर खरोखरच लपवलं होतं. पण ते जरा पुढं सांगतो.

अक्कांचं दुकान सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत. पाण्याच्या मोटारी, मिक्सर, गिझर दुरुस्त करण्याचं. पाटीवर अजून नवऱ्याचंच नाव होतं. घरात तेलुगू, गिऱ्हाइकांशी सोलापुरी मराठी, शेजारच्या वेल्डिंगवाल्या चाचांशी दखनी उर्दू, आणि स्वतःशी पुटपुटताना या तिन्हींचं मिश्रण. वय पन्नाशीच्या पुढचं. सुती साडी, कमरेला घट्ट खोचलेला पदर, आणि साडीखाली शाळेतल्या पोरांसारखे पांढरे कॅनव्हासचे बूट.

त्यांचा नंबर मला दिला बँकेतून निवृत्त झालेल्या शेजारच्या काकांनी. देतानाच म्हणाले, "काम येतं तिला. पण लक्ष ठेवा. ही एकदा आली की चार वेळा येते."

म्हणून मी लक्ष ठेवलं.

आम्ही राहतो जुळे सोलापुरात, एका छोट्या रो-हाऊसमध्ये. मी, बायको आणि माझी आई. मुलगी नोकरीनिमित्त बाहेर. गिझर मुलगी शाळेत असताना घेतलेला, पंचवीस लिटरचा. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येणार, बाकीचे दिवस बोअरचं. आमच्या बोअरचं पाणी म्हणजे स्टीलचा पेला धुऊन उपडा घातला तरी त्यावर पांढरे डाग उमटणारं. असलं पाणी पंधरा वर्षं पोटात घेऊन तो गिझर तापत होता. त्या थंडीत मात्र त्याने हात टेकले. तासभर चालू ठेवला तरी पाणी कोमटच. खालच्या वॉल्व्हमधून थेंब थेंब गळती. आणि आतून कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज.

पहिल्या दिवशी अक्का आल्या, त्यांनी प्रश्न विचारला, आणि मी म्हणालो, "कोणीच नाही."

"तुमी काय करता?"

"रिटायर झालो. शिक्षक होतो हायस्कूलला. विज्ञान शिकवायचो."

"मग लावलंच असणार की," त्या म्हणाल्या आणि पिशवीतून स्क्रू-ड्रायव्हर काढला.

बायको हसली. मीही हसलो. आता तुम्हाला खरं सांगतो.

दीड महिन्यापूर्वी आमच्या मेन बोर्डातला सेफ्टी स्विच रोज पडायला लागला होता. घरात कुठे करंटची गळती झाली की हा स्विच आपोआप पडतो आणि वीज बंद होते. त्याचं कामच ते. सकाळी गिझर लावला की पाच मिनिटांत फट्! मिक्सर बंद, पंप बंद, बायकोची कटकट सुरू. मी जाऊन स्विच वर करायचा, की पुन्हा फट्. असं पंधरा दिवस चाललं. मग मी फोनवर एक व्हिडिओ पाहिला. त्यात एक माणूस फार आत्मविश्वासाने सांगत होता की गिझरची अर्थची तार काढली की हा त्रास थांबतो. मी बाथरूमबाहेरचा बोर्ड उघडला, हिरवी तार काढली, तिच्या टोकाला काळी टेप गुंडाळली आणि बोर्ड पुन्हा बसवला. त्रास थांबला. बायको म्हणाली, "बघा, आपोआप बरा झाला." मी मान डोलावली.

तीस वर्षं मी नववी-दहावीच्या मुलांना फळ्यावर ती तार हिरव्या खडूने काढून दाखवली होती. भूसंपर्क तार. गळती झालेला करंट माणसाच्या अंगातून न जाता जमिनीत जावा म्हणून ती असते. परीक्षेत तीन मार्कांचा प्रश्न. तो मी शेकडो वेळा तपासला असेन. आणि मीच ती काढली. चार दिवसांपुरती, असं मनाशी म्हणालो. महिना झाला.

त्याच महिन्यात आईने अंघोळ टाळायला सुरुवात केली.

आई चौऱ्याऐंशी वर्षांची. मोहोळकडची. आयुष्यभर पहाटे अंघोळ केल्याशिवाय चुलीला हात न लावलेली बाई. अलीकडे विसरत चालली होती. जेवण झालेलं विसरायची, मला कधी माझ्या मामाच्या नावाने हाक मारायची. त्यामुळे एके सकाळी ती ओल्या हाताने बाहेर आली आणि "पानी चावतंय रं मला" म्हणाली, तेव्हा आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आता हे नवीन.

मी नाही म्हणायला तपासलं. बाथरूममध्ये जाऊन नळ धरला. काही नाही. "आई, काही नाहीये. हे बघ, मी धरलाय." ती माझ्या हाताकडे बघत राहिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग आम्ही तिला धाक घालून, गोंजारून, कधी जरा ओरडून अंघोळीला बसवू लागलो. पाणी कोमट येत होतं म्हणून तिच्या अंघोळीच्या वेळी गिझर चालूच ठेवायचो. आमच्या दोघांच्या वेळी मात्र बंद करायचो, सवयीने.

मला कळायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणतो. कदाचित कळलंही असेल, आणि मी ते कळू दिलं नसेल. एवढं मात्र खरं की बोर्ड पुन्हा उघडायचा विचार आला की मी दुसऱ्या कामाला लागायचो.

तर पहिल्या दिवशी अक्कांनी गिझर लावला, बादली उपडी घालून तिच्यावर बसल्या आणि घड्याळ बघू लागल्या. पाणी तापायला किती वेळ लागतो हे मी आधीच सांगितलं होतं. त्यावर त्यांचा विश्वास नव्हता. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टाकीला लावून त्यांनी मूठ कानाला टेकवली आणि डोळे मिटले.

"बोलायलंय," त्या म्हणाल्या. "क्षार लई झालाय आत. थर्मोस्टॅट चांगला हाय." मग बाहेर येऊन बोर्डावर बोट ठेवलं. "हे उघडते."

"बोर्ड नको," मी म्हणालो. जरा जास्तच लवकर म्हणालो. "बोर्ड चांगला आहे. रंग दिलाय आत्ताच. तुम्ही गिझरचं बघा."

"बोर्ड न बघता गिझर कसं बघायचं, सर?"

"गिझर बिघडलाय, बोर्ड नाही."

"हं," अक्का म्हणाल्या. बोर्डाच्या कडेवरून, भिंतीवरच्या जुन्या रंगावरून त्यांनी नजर फिरवली. "उद्या येते. टाकी साफ करते. तोपर्यंत लावू नका."

त्या गेल्यावर मी बायकोला म्हणालो, "झाली सुरुवात. चार वेळा येते म्हणतात ते खरं आहे. आता बोर्ड उघडायचा म्हणते." मी स्वतःचा अपराध झाकायला त्यांच्यावर संशय घेत होतो, हे खरं. पण संशय खराही होता. एकाच माणसाच्या मनात हे दोन्ही सुखाने नांदू शकतं, हे मला त्या दिवसांत समजलं.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या, थेट मेन बोर्डाकडे गेल्या, स्वतः वीज बंद केली आणि फ्यूज काढून कमरेच्या बटव्यात टाकला.

"अहो, आम्ही कोणी चालू करणार नाही," बायको म्हणाली.

"तुमच्यावर भरवसा न्हाय असं न्हाय ताई," अक्का म्हणाल्या. "कुणावरच न्हाय."

मी बाथरूमसमोर खुर्ची टाकून पेपर वाचत बसलो. अक्का स्टुलावर चढल्या. गुडघ्यावर हात ठेवून, दम घेऊन चढल्या, हे मी तेव्हा पाहिलं आणि सोडून दिलं. त्यांनी टाकी रिकामी केली, खालची तबकडी उघडली. धप्पकन् बादलीत ढीग पडला. चुन्याच्या भिंतीचे पापुद्रे सुटावेत तसे पांढरे-तपकिरी तुकडे. पाणी तापवणारी कॉइल बाहेर आली ती मनगटाएवढी जाड झालेली.

"सर," खाली न बघताच त्या म्हणाल्या, "तुमी मघापासून एकच पान वाचायलाव."

मी पान उलटलं.

त्यांनी कॉइल जमिनीवर कागदावर ठेवली आणि खरवडायला घेतली. खूप वेळ खरवडत होत्या. मग थांबल्या. चष्मा पुसला. कॉइल खिडकीच्या उजेडात धरली आणि बायकोला बोलावलं. "ताई, हितं बघा. केसासारखी चीर दिसायलीय? कातडं फाटलंय हिचं. हितनं करंट पाण्यात उतरतो. उतरला की तुमचं सेफ्टी स्विच पडायला पायजे. पडतं का?"

"आधी पडायचा ना," बायको उत्साहाने म्हणाली. "रोज पडायचा. वैताग आला होता. पण महिना झाला, पडतच नाही. आपोआप बरा झाला."

"आपोआप," अक्का म्हणाल्या.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी व्होल्टेजबद्दल काहीतरी बोलायला लागलो. काय बोललो ते आठवत नाही. विज्ञानाचे बरेच शब्द होते त्यात.

एवढ्यात आई काठी टेकत आली. बाथरूममध्ये पाणी, बादली, माणसं बघून ती घाबरली. तिला वाटलं, अंघोळीचीच तयारी चाललीय. "मी न्हाय अंघोळ करनार," ती दारातूनच म्हणाली. "पानी चावतंय."

"लक्ष देऊ नका अक्का," बायको हळूच म्हणाली. "हल्ली काहीही बोलतात. विसरतात ना."

अक्कांनी हातातली पट्टी खाली ठेवली. उठल्या, आईसमोर गेल्या आणि तिला भिंतीकडेच्या पाटावर बसवून स्वतः खाली उकिडव्या बसल्या. ज्या बाईने आमच्या घरात दोन दिवस कुणाच्याही एका शब्दावर विश्वास ठेवला नव्हता, तिने आईला विचारलं, "आज्जी, कुटं चावतं?"

आईने उजव्या हाताची बोटं पुढे केली. "हितं. नळाला हात लावला की. मुंग्या डसल्यावानी. मग वर, खांद्यापत्तुर."

"रोज?"

"रोज न्हाय. कवा कवा."

"पायात चपला असतात?"

"अंघुळीला कुनी चपला घालतं व्हय?" आई म्हणाली. महिन्याभरात तिचं इतकं सरळ, खणखणीत वाक्य मी ऐकलं नव्हतं. आम्ही तिला काही विचारलंच नव्हतं.

अक्का उकिडव्या बसूनच माझ्याकडे वळल्या. "सर, तुमी बघितला होता का नळ?"

"बघितला होता. मला काही लागलं नाही."

"पायात काय होतं?"

मी खाली पाहिलं. माझ्या पायात निळ्या रबरी स्लीपर होत्या. घरात चोवीस तास असतात. बाथरूममध्येही.

 अक्का उठल्या आणि बोर्डाचे स्क्रू काढले. मी अडवलं नाही. पत्रा बाजूला झाला. आत लाल तार, काळी तार, आणि बाजूला दुमडून ठेवलेली हिरवी, टोकाला टेपचं नीटनेटकं बोंड. अक्कांनी ती टेप नखाने सोडवायला सुरुवात केली. एक वेढा, दोन, तीन, चार, पाच.

"हे मेकॅनिकचं काम न्हाय," त्या पुटपुटल्या. "मेकॅनिक एवढी टेप वाया घालवत न्हाय."

"काय झालं हो?" बायकोने विचारलं.

 अक्का टेपचा शेवटचा वेढा सोडवत होत्या. मग म्हणाल्या, "अर्थची तार सुटलीय."

सुटलीय. काढलीय नाही. बायको "अरे बापरे" म्हणाली आणि आईजवळ जाऊन बसली.

अक्कांनी मला मागच्या अंगणात नेलं, अर्थिंगचा खड्डा दाखवा म्हणून. आमच्या खड्ड्यावरचं झाकण कित्येक वर्षांत कुणी उचललेलं नव्हतं. आत कोरडी ठणठणीत माती; ती ओली नसेल तर करंट जमिनीत नीट उतरत नाही. त्यांनी मला दोन बादल्या पाणी आणायला लावलं आणि सावकाश ओतायला लावलं. माती पाणी पीत होती.

"सर, ताईंना मी सांगितले न्हाय," त्या म्हणाल्या. "का ते ठाऊक हाय?"

"माझी लाज राखली तुम्ही."

"तुमच्या लाजेचं मला काय करायचंय?" त्या सरळ म्हणाल्या. "मी सांगितले असते तर ताई तुमच्यावर चिडल्या असत्या. चार दिवस भांडण, संपलं. आज्जीचं खरं होतं हे राहिलंच असतं. ते तुमी सांगा. तुमच्या तोंडानं."

मी मान हलवली.

"आज बोटाला चावलंय. उद्या काय झालं असतं ते तुमाला मी शिकवू? मास्तर तुमी."

मी दुसरी बादली ओतत राहिलो.  पाणी खड्ड्याबाहेर माझ्या पायांवर गेलं.

त्या संध्याकाळी मी आधी बायकोला सांगितलं. ती ओरडली नाही. नुसती "तुम्ही?" म्हणाली. एवढंच. मग आत गेली आणि आईच्या उजव्या हाताला खोबरेल तेल चोळत बसली. तेलाचा आणि त्या चावण्याचा काही संबंध नाही, हे तिलाही माहीत होतं. पुढचे आठ दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

मी आईसमोर जाऊन बसलो. म्हणालो, "आई, तुझं खरं होतं. पाणी चावत होतं. माझ्यामुळे चावत होतं. मी एक तार काढली होती. आणि तू सांगत होतीस तर ऐकलं नाही."

 मला वाटलं, आई आता रडेल, नाहीतर मला मामाच्या नावाने हाक मारेल. ती म्हणाली, "मग आता अंघुळ न्हाय ना?"

"नाही. उद्याही नाही."

"शाना हायेस," ती म्हणाली आणि माझ्या गुडघ्यावर थोपटलं.

गिझरचं काय करायचं हा प्रश्न राहिला होताच. अक्का तिसऱ्यांदा आल्या तेव्हा मी मनात मोजलं, तिसरी खेप. सवय लवकर जात नाही. त्यांनी टाकीच्या आत टॉर्च मारला आणि मला स्टुलावर चढून बघायला सांगितलं. सांध्यापाशी गंजाचे खड्डे पडले होते. एका ठिकाणी बोट लावलं तर पत्रा दबला.

"कॉइल नवीन घालता येते. पण टाकी संपलीय. आज न्हाय तर दोन महिन्यानं फुटणार. बदला."

इतके दिवस मला वाटत होतं की ही बाई हा गिझर कधी मरू देणार नाही, डागडुजी करत राहील. आता 'बदला' म्हटल्याबरोबर दुसरा संशय आला. हिचं कुठल्यातरी दुकानाशी ठरलेलं असणार. मी चाचपून बघितलं, "कुठला घ्यावा? कुठून घ्यावा?"

"ते मी सांगणार न्हाय."

"का?"

"मीच सांगायचं बदला, आन् मीच सांगायचं हितनं घ्या? मग तुमी जन्मभर विचार करत बसणार, जुनं खरंच संपलं होतं की हिनं संपवलं." त्यांनी टॉर्च बंद केला. "तुमी लई संशयी हाय, सर. तुमच्या डोळ्यात दिसतं."

"आणि तुम्ही?" मी न राहवून म्हणालो.

"मी हायच की," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदा हसल्या. पुढचा एक दात अर्धा होता.

आम्ही नवा गिझर घेतला. कंपनीचा माणूस येऊन बसवून गेला, वॉरंटीच्या कार्डावर सही घेऊन गेला. त्याच दुपारी दारात अक्का. कुणी बोलावलं नव्हतं. काय हवंय, असं मी विचारायच्या आत त्या बाथरूमकडे निघालेल्या. बल्ब लावलेला होल्डर आणि त्याला दोन तारा, असं त्यांचं तपासायचं साधन होतं. एक तार करंटच्या भोकात, दुसरी अर्थच्या भोकात. बल्ब क्षणभर लख्ख पेटला आणि सेफ्टी स्विच फट्कन पडला. म्हणजे अर्थ जिवंत होता. मग मेन बोर्डावरचा तो स्विच वर करून, त्याचं बटण दाबून तो पुन्हा पडतो की नाही ते पाहिलं. मग स्विच वर केला आणि गिझर चालू करून टेस्टर नळाला लावला. टेस्टर विझलेला.

एवढ्यावर कुणीही मेकॅनिक निघाला असता. अक्कांनी बूट काढले.

पांढरे कॅनव्हासचे बूट काढून त्यांनी दाराबाहेर ठेवले, मोजे काढले, तांब्याभर पाणी फरशीवर ओतलं आणि गिझर चालूच ठेवून अनवाणी त्या पाण्यात उभ्या राहिल्या. मग उजव्या हाताने नळ धरला आणि हाक मारली, "आज्जी! या हिकडं. बघा, मी धरलंय."

आई दारात आली. अक्कांच्या पायांकडे बघितलं. हाताकडे बघितलं. मग तोंडाकडे. डोळ्यांत पूर्ण अविश्वास. आमच्या घरातल्या कुणावर विश्वास ठेवायचं तिला आता काही कारणही नव्हतं.

"चावतंय का?" तिने विचारलं.

"न्हाय."

"खरं सांग."

"खरंच न्हाय आज्जी."

आई काठी भिंतीला टेकवून आत गेली. तिने नळाला हात लावला नाही. नळ धरलेल्या अक्कांच्या हातावर आपला हात ठेवला. तशा दोघी उभ्या राहिल्या, ओल्या फरशीवर, गिझरचा लाल दिवा लागलेला. अक्का हलल्या नाहीत. थोड्या वेळाने आईची बोटं त्यांच्या बोटांवरून सरकत सरकत पितळेच्या नळावर आली आणि तिथे थांबली.

"गरम हाय," आई म्हणाली.

बायको तोंड फिरवून स्वयंपाकघरात गेली. त्या आठ दिवसांत पहिल्यांदा तिने माझ्याही वाटणीचा चहा आपण होऊन टाकला.

त्यानंतर अक्का आमच्याकडे अधूनमधून येत राहिल्या. कधी पाण्याची मोटार, कधी मिक्सर. त्यांच्या संशयामागे काहीतरी मोठी दुःखाची गोष्ट असणार, असं मी ठरवून टाकलं होतं. नवरा बहुतेक कुणाच्या तरी घरी शॉक लागून गेला असावा, कुणीतरी खोटं बोललं असावं. एकदा चहा पिताना मी फार जपून, आडवळणाने विषय काढला.

"त्यांना शुगर होती," अक्का म्हणाल्या. "गोड सोडायचे न्हाईत. शुगरनं गेले."

"मग हे काम?"

"त्यांना दिसणं कमी झालं तवा मी बघायला लागले. ते खुर्चीत बसून सांगायचे, मी खोलायचे. वीस वर्षं झाले." त्यांनी बशीतला चहा संपवला. "तुमाला काय वाटलं होतं?"

मी त्यांची रिकामी बशी उचलली. त्यांनी ओळखलं असावं. "सर, त्याला काय कारण लागत न्हाय. रोज दहा घरं फिरा. गिझर खोटं बोलत न्हाय. माणसं बोलतात. सगळेच. भीतीनं बोलतात जास्ती."

पुढच्या थंडीत एकदा मी त्यांना फोन केला. आई म्हणायला लागली होती की पाणी गार आहे. दिवा लागत होता, पाच मिनिटांत वाफा येत होत्या, तरी आपलं गार आहे, गार आहे. मी सगळं सविस्तर सांगितलं.

"आज्जी म्हणतात ना गार हाय?"

"हो, पण..."

"मग गार असंल. हात घालून बघा की." फोन बंद.

मी आईच्या बादलीत हात घातला. गार होतं. बायकोने विसण घालताना जास्त घातलं होतं, आणि आईला अंघोळीला बसवेपर्यंत आणखी निवलं होतं. गेल्या वर्षभरात मी त्या बादलीत कधी हात घातला नव्हता.

मग एका उन्हाळ्यात मोटार बिघडली म्हणून मी पूर्व भागात गेलो, तर दुकानाचं शटर बंद. शेजारचे वेल्डिंगवाले चाचा म्हणाले, "अक्काके घुटने गये, सर. स्टुलपे नहीं चढ सकते अब. बेटी ले जा रही तेलंगाना को. आज दोपहर की गाडी है." माझी मोटार त्यांच्याकडेच ठेवली आणि मी तसाच एसटी स्टँडवर गेलो.

अक्का बसमध्ये खिडकीपाशी बसल्या होत्या, शेजारी मुलगी. मला बघून त्यांनी आश्चर्य दाखवलं नाही. "आज्जी?" एवढंच विचारलं. बरी आहे म्हणालो. आणखी खूप काही बोलायचं ठरवून गेलो होतो. त्या ओल्या फरशीबद्दल, त्या एका शब्दाबद्दल, सुटलीय म्हणाल्या होत्या त्याबद्दल. पण त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. त्या खिडकीतून वाकून बसच्या मागच्या बाजूला बघत होत्या. तिथे सामानाच्या कप्प्यात त्यांची हत्यारांची लोखंडी पेटी ठेवली होती.

"ते दार नीट लागलं न्हाय," त्या कंडक्टरला म्हणाल्या.

"लागलंय मावशी. मी स्वतः लावलंय."

अक्का उठल्या. मुलगी "अम्मा, अम्मा" करत होती. एकेक पायरी, आधाराची दांडी धरून, गुडघा आवळत त्या खाली उतरल्या, माझ्यासमोरून मागे गेल्या आणि कप्प्याचं हँडल ओढलं. दार अलगद उघडलं.

 कंडक्टरने दार जोरात आपटून लावलं, वरून एक दणका मारला. अक्कांनी पुन्हा ओढून पाहिलं. एकदा, दोनदा. मग माझ्या दंडाला धरून दारापर्यंत आल्या आणि वर चढल्या. त्यांचा हात खरखरीत होता आणि अपेक्षेपेक्षा हलका.

बस निघाली. स्टँडच्या फाटकापाशी वळताना ती जरा हेलकावली. मी हात हलवत उभा होतो. अक्कांनी डोकं खिडकीबाहेर काढलं होतं, चष्मा नाकावर, आणि त्या एकटक त्या दाराकडे बघत होत्या. रस्त्यावर वळेपर्यंत बघत होत्या.